विजयस्तंभावरचं नाव

त्या दिवशी बर्फ पडत होता की नुकताच थांबला होता, हे वेंद्रो दुभाष्याला म्हातारपणी खात्रीनं सांगता येत नसे. स्वतःचा संताप मात्र जसाच्या तसा आठवे.

आल्प्सच्या घाटातली त्याची ओरुनी जमात तह करून रोमच्या राज्यात आली होती. तरी रोमन सुभेदाराला विजयस्तंभावर, लढून जिंकलेल्या जमातींत, तिचं नाव कोरायचं होतं. अशा जमातींची कुरणं सरकारजमा होत.

"लढाईत हरलो, एवढं कबूल कर, म्हातारे," सुभेदार म्हणाला.

जमातीची मुखिया अदूना म्हणाली, "कोरा की. फक्त स्तंभ लढाईच्या जागी उभारा. तुमची माणसं कुठे पडली?"

"आमचा एकही माणूस मेला नाही."

"कसा मरेल? आमच्या पोरांनी स्वतःच्या कमरेला दोर बांधून तुमच्या एकेकाला घाटापार नेलं. मग हरलं कोण, सुभेदार? बर्फ? त्यालाही तुमच्यासाठी आम्हीच हरवलं."

वेंद्रोनं भाषांतरात एक शब्दही गाळला नाही. सुभेदार लालबुंद झाला. त्याच दोराला धरून आलेले त्याचे सरदार मात्र खाली मान घालून उभे राहिले.

बारा वर्षांनी वेंद्रो तो स्तंभ उभारलेल्या शहरात गेला, तेव्हा त्यानं स्तंभावरची सगळी नावं दोनदा वाचली. ओरुनींचं नाव कुठेच नव्हतं.