साहेबांचे गोठलेले बूट

उत्तरेच्या बर्फाळ टोकाला एक इनुइट गाव होतं. तिथल्या बायका सीलच्या कातड्याचे बूट शिवायच्या आणि गावातल्या एकुलत्या एक दुकानात विकायच्या. नुकतीच लग्न होऊन आलेली अर्नाक बोलायची कमी, पण तळव्याचं कातडं दातांनी चावून मऊ करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एके दिवशी त्या दुकानाचे नवे मालक शहरातून विमानाने आले. गावापर्यंत चालताना त्यांचे कारखान्यातले महागडे बूट घामाने भिजले आणि पाय बधिर झाले. अर्नाकच्या सासूने ते बूट काढून दाराबाहेर ठेवले आणि सुनेने शिवलेली जोडी त्यांना घातली. पायांत ऊब आली तसे साहेब तिथेच भरलेल्या गावकऱ्यांच्या सभेत हुकमाचा कागद काढून उभे राहिले.

"जग पुढे गेलंय. उद्यापासून दुकानात फक्त कारखान्याचे बूट, कातड्याचे बंद. कुणाची हरकत?"

"संपलं आपलं शिवणकाम," सासू पुटपुटली.

अर्नाक बाहेर गेली आणि साहेबांचे लाकडासारखे कडक झालेले बूट घेऊन आली.

"हरकत नाही, साहेब. पण उद्याची वाट कशाला बघायची? हे घाला आणि विमानापर्यंत चालून दाखवा. पोहोचलात की आम्हीही तेच घालू."

साहेबांनी बुटावर टिचकी मारली. टक्क आवाज आला. सगळी सभा गालातल्या गालात हसत होती.

हुकमाचा कागद घडी होऊन खिशात गेला. निघताना साहेबांनी हळूच विचारलं, "माझ्या बायकोच्या पायाचं माप पाठवलं तर?"

"पाठवा की," अर्नाक म्हणाली. "आमचे बूटही जाऊ देत जगाबरोबर पुढे."