चाळीस गावांचा पूर

यंत्रं आपसांत बोलत, त्या काळातली गोष्ट. पूरनियंत्रण कक्षात दोन प्रोसेसर शेजारी होते. चपळ्या व्हिडिओ गेमसाठी घडवलेला, वेगाचा. धीरोबा सर्व्हरमधला, संथ. चपळ्या त्याला हिणवत असे.

एकदा नदी फुगली. चाळीस गावांत पाणी किती चढेल, याचे अंदाज एकदमच हवे होते. चपळ्याने पहिलं गाव क्षणात उरकलं, पण एकापाठोपाठ एक गावं येत गेली तसा तो तापून थबकला. धीरोबाने चाळीसही गावं एकदम हाती घेतली. इशारे वेळेत गेले आणि पाणी चढण्याआधी गावोगावची माणसं उंचावर पोचली.

"एवढं पेलता कसं?" चपळ्याने विचारलं.

"सगळ्यांना बरोबर घेतो, इतकंच. पण एकाच गावाची घाई असेल, तर तिथं तूच हवास. तो वेग माझ्यात नाही."

ज्याला हिणवलं त्यानेच केलेल्या कौतुकाने मान खाली जाते, हे चपळ्याला त्या दिवशी कळलं.