रविवारी कोणाच्या नावानं घोषणा?

कोल्हापुरात दोन धर्मांच्या गटांत दगडफेक झाली, त्याच आठवड्यात रविवारी नाथपेठ फुटबॉल संघाचा कट्टर प्रतिस्पर्धी मधल्या पेठेशी अंतिम सामना होता. प्रशिक्षकांकडून संघाची यादी घेऊन अध्यक्ष रंगराव इंगवल्यांनी मैदानावर समर्थकांसमोर फर्मावलं, "गोलकीपर तौफिकला वगळा. संघात आपल्या धर्माचीच माणसं हवीत."

तौफिक मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा चाळीस वर्षं एकही सामना न चुकवलेल्या आक्काताई म्हणाल्या, "अध्यक्ष, समोरच्या मधल्या पेठेचे अकराही खेळाडू आपल्याच धर्माचे हायत. मग रविवारी त्यांच्याच नावानं घोषणा द्यायच्या का?"

"मधल्या पेठेच्या?" रंगराव तडकले. "जीभ झडंल माझी."

"मग आपलं कोण, ते तुम्हीच सांगितलंसा."

सगळे हसले. ओशाळलेल्या रंगरावांनी यादी प्रशिक्षकांना तशीच परत दिली. तौफिकचा जीव भांड्यात पडला आणि तो सरावाला निघाला.