डोंगराचे थोरले मामा

एका राज्यात एक डोंगर होता, डोंगरात चांदी होती, आणि चांदीवर राजाचा डोळा होता. राज्याचं नाव मात्र विचारू नका, राजाला अजून लाज वाटते.

त्या खाणीत एक रीत होती. खणत खणत आत जायचं, पण दर तीस हातांवर एक जाडजूड खांब तसाच सोडायचा. त्यानं डोंगर डोक्यावर धरायचा. त्या खांबाला मामा म्हणायचं आणि कामाला लागण्याआधी भाकरीचा तुकडा ठेवायचा. सगळ्यात जुना खांब म्हणजे थोरले मामा. पोटात चांदी ठासून भरलेली, पण कुणाची हात लावायची छाती नव्हती.

राजाला हवं होतं सिंहासन. त्यानं शिपाई पाठवून थोरले मामा फोडले, भट्टीत घातले, सिंहासन घडवलं आणि ऐटीत बसला. बसला तो बसलाच! चांदी काळी ठिक्कर पडली आणि राजा तिला चिकटला. सात पैलवानांनी ओढलं, पण राजाच तेवढा ओरडला.

तिकडं डोंगर गुरगुरला. "मामा नेलात? मग भाच्यानं उभं राहावं!" जवळ होता रायाजी खाणकरी. त्याचं डोकं वाढून छताला टेकलं आणि पाय दगडाचे व्हायला लागले.

रायाजीची बायको भिवरा खाणीच्या तोंडाशी दगड निवडायची. काळा, जड, चमचमता दगड भट्टीकडं, पांढरा हलका ढिगाऱ्यावर. ती धावत आत आली.

"अवो, हे काय करून घेतलंत?"

"डोंगर धरलाय गं. जेवायला आणलंस का?"

"गुडघ्यापर्यंत दगड झालाय आणि जेवण सुचतंय?"

"पोट अजून माझंच हाय."

कोनाड्यात एक पिंगळा, इवलंसं घुबड, बसला होता. डोंगराचा निरोप तोच सांगायचा. "भिवराबाई, तीन कामं. तिसरा सूर्य बुडायच्या आत. नाहीतर तुझा नवरा कायमचा मामा!"

"बोल."

"पहिलं. डोंगराच्या पोटात चांदी कुठून आली?"

दरबारातले पंडित सांगत होते, चंद्र सांडला. भिवरा हसली. "हंड्यात पाणी तापवून तापवून तळाला थर धरतो, तो घासताना माझी नखं गेलीत. डोंगर तरणा होता तेव्हा पोटात आग होती. खारं, उकळतं पाणी भेगांतनं वर चढलं, गार झालं, आणि भेगांत थर धरला. काळा दगड आणि पांढरी गारगोटी. काळ्यात चांदी लपली."

डोंगर खुदकन हसला. सगळ्यांच्या डोक्यावर धूळ पडली.

दुसऱ्या दिवशी रायाजी कमरेच्या वरपर्यंत दगड. भिवरानं भाकरी पुढं केली. "नको गं," तो हळूच म्हणाला, "भूक कुठं गेली कळत नाही." तेव्हा मात्र भिवरानं भाकरी पदरात बांधली आणि पिंगळ्याकडं वळली.

"दुसरं," पिंगळा म्हणाला. "डोंगरातली चांदी पहिल्यांदा कुणाला घावली? राजासमोर सांग."

दरबारात कोरलेलं होतं, राजाच्या पणजोबांनी तलवार मारली आणि चांदी उसळली. भिवरा चिकटलेल्या राजासमोर उभी राहिली. "खोटं हाय, महाराज. एका मेंढपाळणीनं थंडीत तीन काळे दगड मांडून चूल केली. सकाळी राखेत चांदीचा मणी! दगड निवडताना आम्ही तिचंच गाणं म्हणतो. तुमचे पणजोबा मणी बघून मागनं आले."

"हिला धरा! नाहीतर मीच उठतो!"

"उठा की," भिवरा म्हणाली.

राजानं जोर लावला, सिंहासन तेवढं करकरलं.

तिसऱ्या दिवशी दगड गळ्याशी. "तिसरं," पिंगळा म्हणाला. "मामा परत उभा कर."

भिवरानं निवडणाऱ्या साऱ्या बायका बोलावल्या. आज्यांनी टाकलेला ढिगारा उपसला. मोठा दगड खाली, बारका वर, चुना नाही, लाकूड नाही. खांब चढला. पण वर हातभर फट राहिली. दगड घालावा, तो सटकावा. ऊन कललं. रायाजीचे ओठ जड झाले. "भिव..." एवढंच आलं.

"का घेईना रे हा डोंगर?" भिवरा ओरडली.

"डोंगर म्हणतो, माझं मला द्या," पिंगळा म्हणाला.

भिवरानं राजाच्या पालखीचे भोई बोलावले. "राजाला उचलून आणा!"

"सिंहासनासकट?"

"वेगळा निघतोय का तो?"

आणला. शिडीवर चढवला. "मी राजा आहे!" राजा किंचाळला.

"इथं भाचा हाईसा. म्हणा, मामा, चुकलो."

राजानं खाली पाहिलं, रायाजीचे डोळे पाहिले. मग बारीक आवाजात म्हणाला, "मामा, चुकलो."

खट्! सिंहासन फटीत बसलं आणि पांढरं लख्ख झालं. राजा धपकन खाली बायकांच्या घोळक्यात पडला. धोतर वरच अडकलं.

दगड रायाजीच्या अंगावरून सालासारखा गळला. डोकं होतं तेवढं झालं. त्यानं पोटावर हात फिरवला. "आलं गं परत! जेवायला आणलंस का?"

भिवरा रडत रडत हसली. भाकरी मोडली. पहिला तुकडा थोरल्या मामांना, दुसरा रायाजीला, तिसरा गोणपाट गुंडाळून बसलेल्या राजाला.

तेव्हापासून त्या राज्यात नवा राजा आधी खाणीत जातो, मामांना भाकरी ठेवतो, मग गादीवर बसतो. थोरले मामा उभे आहेत, तोवर डोंगर उभा आहे. आणि वर धोतर लोंबतंय, तोवर राजे शहाणे आहेत.