कुंभारीण माशीचं पान

एका राज्यात, जिथे जादूगार आठवडी बाजारात पाल टाकून बसत आणि पाखरं माणसांच्या तोंडाला तोंड देत, तिथे एक पोथीघर होतं. त्याच्या उंबऱ्यावर एका जुन्या जादूगाराने शाप कोरून ठेवला होता: 'मुलांच्या पोथीत जो जाणूनबुजून खोटं लिहील, त्याचं खोटं त्याच्याच घरी येऊन खरं होऊ बघेल.' येणारे-जाणारे सगळे तो वाचत, आणि तो दुसऱ्या कुणासाठी आहे असं समजून आत जात.

त्या पोथीघरासाठी द्वारका नावाची एक बाई किड्यामुंग्यांच्या बाळपोथ्या लिही. तिची रीत एकच होती. आधी पाहायचं, मग लिहायचं. मुंगळ्यांच्या रांगेशी ती महिना महिना पालथी पडून राही. शेणकिड्याच्या मागे ती अर्धं माळरान रांगली होती. घरच्या डब्यांत डाळी कमी आणि अळ्या जास्त. पाच वर्षांची लेक ठकू हे सगळं तिच्या शेजारी बसून बघे.

शेजारणी म्हणत, "अगं, पोरीला बाहुली दे. सुरवंट काय देतेस खेळायला!"

द्वारका हसून सोडून देई. आणि मग दिवसभर मनाशी घोळवी, की खरंच बाहुली द्यायला हवी होती का.

एके वर्षी दाराच्या चौकटीवर कुंभारीण माशीने चिखलाचं बोराएवढं गाडगं बांधलं. मायलेकी अकरा दिवस समोर बसून राहिल्या. माशी हिरव्या अळ्या आणी, आत कोंबी. शेवटी तिने तोंड लिंपून टाकलं. जुन्या पोथ्या सांगत की माशी त्या अळीभोवती गुणगुणते, अळी ते ऐकत राहते, आणि ऐकता ऐकता स्वतःच माशी होते. द्वारकेने सुईने गाडग्याला भोक पाडलं आणि डोळा लावला. आत माशीचं पांढरं पिल्लू जिवंत अळीला खात होतं.

"आई, मला बघू दे."

"काही नाही गं त्यात," द्वारका म्हणाली, आणि दौत आणायला आत गेली.

दौत आली, बोरू बुडवला, पण हात पुढे जाईना. हे पाच वर्षांच्या पोरीला वाचून कसं दाखवायचं? तिने विचारलं, अळीची आई कुठे होती, तर काय सांगायचं? द्वारकेने जुन्या पोथीतलीच गोड ओळ उतरवली: 'कुंभारीण मायेने गुणगुणते, अळी ऐकते, आणि अळीला पंख फुटतात.'

राज्याला ती ओळ फार आवडली. आया तिच्या चालीवर पाळणे हलवू लागल्या. राजा धवलकेतूने भर दरबारात द्वारकेला शाल पांघरली. शाल घेताना तिचे कान तापले होते. पण घेतली तिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मातीचं एक गाडगं उभं होतं, रांजणाएवढं, तोंड लिंपलेलं. ठकू घरात नव्हती. गाडग्यातून गुणगुण येत होती.

"ठकू!"

"आई, इथे कुणीतरी गातंय," आतून आवाज आला. "माझ्या पाठीला खाज सुटलीय."

पेरूच्या फांदीवर कोतवाल पक्षी बसला होता, काळा, दुभंगल्या शेपटीचा. तो म्हणाला, "घ्या लेखिकाबाई, तुमची ओळ खरी व्हायला लागली. परवा सूर्य माथ्यावर आला की लेकीला पंख फुटतील. ती उडून जाईल, आणि तुला ओळखणार नाही."

द्वारकेने दगड घेतला, पहार घेतली, मुसळ घेतलं. गाडग्याचा टवकाही उडाला नाही.

"त्याने नाही फुटायचं," कोतवाल म्हणाला. "कामं तीन आहेत. ओळ खोड. शाल परत कर. आणि ज्याला फसवलंस त्याच्यापाशी कबूल हो. सबबी सांगशील तर गाडग्याची भिंत जाड होईल."

पहिल्या दिवशी द्वारका पोथीघरात गेली. ओळ तिच्याकडे बघत होती. तिने ती खोडली नाही. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'असे जुने जाणते म्हणतात.' घरी येऊन पाहते, तर भिंत बोटभर जाड झालेली.

"शिकलेली आहेस हो!" कोतवाल म्हणाला. "खोटं बोलायचं ते सुद्धा दुसऱ्याच्या तोंडून."

ती उलट्या पावली परत गेली. चाकूने ओळ खरवडली, कागद फाटेस्तोवर. त्या पोथीच्या प्रती एकशे आठ होत्या. तिचे अंगठे सोलले, पण एकही सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. म्हणाली, "महाराज, शाल फार उबदार आहे. मला सोसत नाही." राजा हसला, आणि तिकडे अंगणात भिंत वीतभर जाड झाली. खिडकीतून कोतवालाने तसं ओरडून सांगितलं. मग द्वारकेने मान खाली घातली.

"महाराज, मी पाहिलं एक आणि लिहिलं दुसरं. ही शाल खोट्या ओळीची आहे."

राजा म्हणाला, "आमची राणी त्याच ओळीवर राजपुत्राला झोपवते. आता तिने काय गावं?"

"मला ठाऊक नाही, महाराज."

राजाने शाल घेतली. ती दारापर्यंत जाईतो कुणी हूं की चूं केलं नाही. ते तिला शिव्यांहून जड गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच तिने चावडीवर गावातली मुलं जमवली आणि रात्री जागून लिहिलेलं खरं पान वाचून दाखवलं: माशी, अळी, पिल्लू, सगळं. एक मुलगा रडला. दोघी ओरडल्या, "ई!" पण उठून कुणी गेलं नाही.

ती धावत घरी आली. गाडगं जसंच्या तसं. सूर्य माथ्याला टेकायला आला होता, आणि आतला आवाज आता माणसाचा राहिला नव्हता.

"केलं ना सगळं!" ती कोतवालावर ओरडली. "गावाला सांगितलं, राजाला सांगितलं!"

"गावाला फसवलंस ते गावाला कळलं," कोतवाल म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "ज्या एकीसाठी खोटं लिहिलंस, तिला कुठे सांगितलंस?"

द्वारका गाडग्यापाशी बसली. तिने गाडग्याला गाल लावला.

"ठकू, ऐक. ते पिल्लू अळीला खात होतं. मी पाहिलं होतं. तुला सांगायला घाबरले, म्हणून खोटं लिहिलं."

गुणगुण थांबली. मग अगदी बारीक आवाज आला, पण माणसाचा.

"मी पण पाहिलं होतं, आई. तू दौत आणायला गेलीस तेव्हा. पण तू पोथीत वेगळंच लिहिलंस. मग मला वाटलं, माझेच डोळे खोटे आहेत."

त्या बाईला आजवर पुष्कळ वेळा शरम वाटली होती. शाल घेताना, ओळ खरवडताना, दरबारात. पण ती सगळी शरम एका पारड्यात आणि हे एक वाक्य दुसऱ्या पारड्यात.

"तुझे डोळे खरे होते," ती म्हणाली. "माझा हात खोटा होता."

"अळीला दुखलं असेल का गं?"

द्वारकेच्या जिभेवर गोड उत्तर आलं होतं, अगदी तयार. तिने ते गिळलं.

"मला ठाऊक नाही, बाळा."

तेवढ्यात गाडग्याच्या कुशीला एक गोल भोक पडलं, आतून. आधी ठकूची बोटं आली, मग नाक, मग सगळीच ठकू, चिखलाने माखलेली. पाठीवर दोन लाल चट्टे होते. पंख नव्हते.

आई तिला पोटाशी धरायला गेली, तर ती म्हणाली, "थांब, आधी त्या भोकाचं चित्र काढू. माशी अशीच बाहेर येते."

त्या राज्यात पुढे नेम पडला. प्रत्येक बाळपोथीचं शेवटचं पान राखून ठेवायचं, आणि त्यावर लिहिणाऱ्याने लिहायचं की त्याला काय काय ठाऊक नाही. द्वारकेचं ते पान सगळ्यांत भरलेलं असे. राणीला नवं गाणं सापडलं की नाही, ते पाखरांनीही सांगितलं नाही. ठकूच्या पाठीवरचे चट्टे मात्र कधी गेले नाहीत, आणि तिला आंघोळ घालताना द्वारकेचा हात त्यांवर दर वेळी क्षणभर थांबे.

गाडग्यातून लेक सुटली, लेकीपाशी आईची जीभ सुटली. ऐकणाऱ्यांची सुटो, सांगणारीचीही सुटो.