शंभू जेवला नाही

एक होता नंदीवाला. त्याचे संपूर्ण नाव सायबा गंगाराम नंदीवाले, वय वर्षे त्रेसष्ट. गोष्टीतल्या माणसालाही नाव आणि वय असावे, असे माझे मत आहे. पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

त्या काळी प्रत्येक जनावराला जन्मात एकदा माणसासारखे बोलता येत असे. एकदाच, बरे का! म्हणून जनावरे आपले बोलणे जपून ठेवीत. पुष्कळांचे ते राहूनच जाई.

सायबाजवळ शंभू नावाचा नंदीबैल होता. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, नाकात वेसण. सायबा ढोल घुमवी, प्रश्न विचारी, आणि शंभू मान डोलवी. पीक येईल का? होय. पोरीचे लग्न जमेल का? होय. नकार त्याला शिकवलेलाच नव्हता. नकार ऐकून पसाभर धान्य कोण घालणार? संध्याकाळी मात्र ढोल खुंटीला लागे. शंभूची वैरण झाली की सायबा विचारी, “जेवलास का रे?” शंभू मान डोलवी, मगच सायबा भाकरी मोडी. दिवसभरात तेवढा एकच होकार ढोलावाचूनचा असे.

एकदा काय झाले, राजाने दवंडी पिटवली की, राज्यातील खऱ्या प्राणिमित्राला मानाची शाल मिळेल. मग दरबारात वाद जुंपला.

राणी म्हणाली, “माझे चाळीस पोपट डाळिंबाचे दाणे खातात.”

प्रधान म्हणाला, “मी मुंगीवरही पाय देत नाही.”

“आणि कमरेला पट्टा हरणाच्या कातड्याचा!”

“निदान ते हरीण पिंजऱ्यात तरी नव्हते, राणीसाहेब.”

इतक्यात बाहेर ढोल घुमला. राजाने सायबाला आणि शंभूला आत बोलावले. राणीची नजर शंभूच्या नाकाकडे गेली. वेसणीने तिथे घट्टा पडला होता.

“हे तू केलेस?”

“व्हय, सरकार. पर लेकरावानी वाढवलाय त्याला.”

“लेकराच्या नाकात दोरी ओवतोस काय रे?”

सायबाने शंभूच्या नाकावरचा घट्टा तळहाताने झाकला. मुलांनो, ह्याचे उत्तर माझ्याजवळही नाही.

राजा म्हणाला, “बैलालाच विचार. तुझी माया त्याला पटते का?”

दरबार पाहून सायबा भांबावला. नुसते विचारायचे, तर हात सवयीने ढोलावर पडला. ढोल घुमला आणि शंभूने मान डोलवली. प्रधानाने हसत ढोल ओढून घेतला, वाजवला आणि विचारले, “मी राजबिंडा आहे का रे?” शंभूने पुन्हा मान डोलवली. दरबार पोट धरून हसला.

झाले. शंभूची वेसण कापली गेली. त्याला राजाच्या बागेत मोकळे सोडले, आणि सायबाला फाटकाबाहेर काढले.

पहिल्या दिवशी शंभूपुढे हिरवा चारा आणि गूळ ठेवला. त्याने तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशी राजवैद्य आला, काढा पाजून गेला. शंभू जेवला नाही. तिसऱ्या दिवशी राणी स्वतः घास घेऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, बरे का. ती दुष्ट नव्हती. तरीही शंभू जेवला नाही.

इकडे सायबा रोज संध्याकाळी पहारेकऱ्याला विचारी, “शंभू जेवला का, दादा?”

“नाही बाबा.”

मग सायबा भाकरीचे फडके तसेच बांधून ठेवी.

तिसऱ्या संध्याकाळी पहारेकऱ्यानेच जाऊन राजाला हे सांगितले. राजा उठला. त्याने स्वतःच्या हाताने फाटक उघडले. सायबा धडपडत आत आला आणि शंभूचे डोके मांडीवर घेऊन बसला. नेहमीचे विचारायला त्याने तोंड उघडले.

पण आधी शंभूच बोलला. जन्मभर जपलेले बोलला.

“नाकाला फार दुखत असे, सायबा.” मग म्हणाला, “तू जेवलास का?”

सायबाने मान हलवली. नाही म्हणाला. शंभूने ते पाहिले, आणि त्याचे डोळे तसेच उघडे राहिले.

काय म्हणतेस, शालू? खरा प्राणिमित्र कोण? राजानेही तेच विचारले. त्या दिवशी कोणीही पुढे आले नाही.

सगळे सुखी झाले, असे म्हणून गोष्ट संपवण्याची रीत आहे. ह्या गोष्टीत तसे घडले नाही, म्हणून मी म्हणणार नाही. डोळे मिटा. पुढे काय बदलले तेवढे सांगतो, आणि ते ऐकता ऐकता झोपा.

मानाची शाल शंभूबरोबर मातीत गेली. त्या राज्यात पुन्हा कोणत्याही बैलाचे नाक टोचले गेले नाही. राणीने पिंजरे उघडले. नऊ पोपट उडून गेले, बाकीचे राहिले. सायबाने ढोल परत घेतला नाही. आणि राजा रोज गोठ्यात जाऊन विचारल्यावाचून पानावर बसेनासा झाला.