पाणवठ्यावरची भेकरीण

रानात माणसांच्या वाटा पडल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. एका भेकरणीनं आपल्या पिल्लाला वणव्यातून बाहेर काढलं. पिल्लू वाचलं, पण तिच्या तोंडाची एक बाजू भाजली. जखम भरली तरी तिथं केस उगवले नाहीत आणि एक डोळा कायमचा मिटला.

तेव्हापासून ती पाणवठ्यावर आली की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या. ती दोन घोट घेऊन निघून जायची. तिचं दूध आटत चाललं, पिल्लू रोडावलं.

शेवटी तिनं विचारलं, "माझ्याकडे असं टक लावून का बघता?"

"टक लावून? छे गं!" वानर म्हणाला. "मी नुसतं न्याहाळत होतो."

"मी तर काळजीनं बघत होते, बाई," टिटवी म्हणाली.

"माझं आपलं सहज लक्ष गेलं," रानडुक्कर पुटपुटलं. अजूनही त्याची नजर तिच्यावरून हटली नव्हती.

"नाव काहीही द्या," भेकरीण म्हणाली. "पण मला पाणी गिळवत नाही आणि माझं लेकरू उपाशी राहतंय."

मग म्हातारी गवी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"यंदा पाणी गढूळच आहे, नाही गं?"

"पलीकडं बरं आहे, आजी. तिथं झरा आहे."

"चल तर मग."

दोघी बोलत बोलत तिकडे गेल्या. वानरानं मान खाली घालून पाण्याला तोंड लावलं, आणि बाकीचेही पाणी पिऊ लागले.

हळूहळू भेकरणीचं दूध परतलं. एका दुपारी पिल्लू पिता पिताच झोपी गेलं.